तीन तोंडांची गाडी

दरवर्षी खंडेनवमी जवळ आली की माझं डोकं तापायला लागतं. घरात हे सगळ्यांना ठाऊक झालंय. नवरा त्या दिवसांत दुधाचा टेम्पो घेऊन जरा लवकरच सटकतो. सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, तांदळाचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवतात. हसायचं तर हसा. पण जिने हाताची सालटी निघेपर्यंत राबून एक इंजिन उभं केलं आणि त्या इंजिनाच्या घशात ऐन वेळी घरच्याच माणसाने कुंकवाचे तांदूळ टाकले, तिने रागवायचं नाही तर काय फुगडी घालायची?

पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हीही म्हणाल की एवढ्याशा तांदळाचं काय घेऊन बसलीस.

मी ऑटोमोबाईलचा डिप्लोमा केलाय. लग्नाआधी नगरला एका सर्व्हिस सेंटरमध्ये होते. दिवसभर गाडीखाली झोपून काम करायचे आणि तिथे कुणाला त्याचं नवल नव्हतं. लग्न होऊन करंजीच्या घाटाखालच्या गावात आले आणि एकदम नवल झालं. पाहुणे आले की सांगायचे, "आमच्या सूनबाईला गाडीतलं लई कळतं." पोपटाला राम राम म्हणता येतं, हे ज्या सुरात सांगतात ना, त्याच सुरात. पण मी पान्याला हात लावला रे लावला की सासरे, म्हणजे मामा, ओट्यावरून खाकरायचे. खोकला नव्हता तो. 'आता पुरे' असा त्याचा अर्थ होता, आणि तो घरातल्या मांजरालासुद्धा कळत होता.

रस्त्याला लागून आमचा एक गाळा होता. तिथे मामांची पिठाची गिरणी चालायची. घरोघर घरघंट्या आल्या, गिऱ्हाईक तुटलं, मामांनी गिरणी विकली आणि गाळा रिकामा पडला. रस्ता नगरचा. घाट उतरून तापलेल्या, घाट चढायच्या आधी घाबरलेल्या सगळ्या गाड्या नेमक्या आमच्या दारासमोर थांबायच्या. गॅरेजला याहून चांगली जागा देवाने नेमून दिली असती तरी मिळाली नसती. मला तो गाळा हवा होता. सोनं नको, साडी नको, तेवढा गाळा द्या आणि मला माझं काम करू द्या, एवढंच माझं म्हणणं होतं.

एका संध्याकाळी मामा ओट्यावर चहा पीत बसले होते. मी सरळ विचारलं.

"मामा, गाळा मला द्या. गॅरेज टाकते."

मामांनी बशी खाली ठेवली. "बाईच्या गॅरेजात गाडी कोन लावील गं?"

"ज्याची बिघडली तो लावील. बंद पडलेल्या गाडीला बाई काय आणि बुवा काय."

नवरा शेजारीच होता. तो कपात असा डोकं घालून बसला होता की मला वाटलं आता आत पडतो. आत्या दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. मामांनी अंगणातल्या गाडीकडे बोट केलं. गिरणीच्या बऱ्या दिवसांत त्यांनी सेकंडहँड घेतलेली ती बारकी गाडी, आठशे सीसीची, तीन सिलिंडरची. तिचा कार्ब्युरेटर, म्हणजे जिथे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला मिळतं ते भांडं, पार झिजून गेला होता. गाडी उभी होती आणि मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालत होती.

"घेतली तवाबी ही घाट दुसऱ्या गिअरात चढायची, रडत रडत," मामा म्हणाले. "तू तिसऱ्यात चढवून दाव. खालपासून वरपत्तोर, कुठं न थांबता. दसऱ्याच्या दिवशी. चढली तर गाळा तुझा. न्हाई चढली तर तो मोबाईलवाला मागं लागलाय, त्याला देऊन टाकतो."

"शब्द?"

"शब्द म्हंजी शब्द. आमच्या घरात शब्द फिरत न्हाई."

ही शेवटची ओळ लक्षात ठेवा. मी ठेवली होती.

गाडीचा जुना कार्ब्युरेटर एकटाच तिन्ही सिलिंडरांना पुरवायचा. एका नळावर तीन घरांनी पाणी भरायचं, तसला प्रकार. नवा आणून बसवला असता तरी तिसऱ्या गिअरात घाट चढला नसता. म्हणून मी ठरवलं, प्रत्येक सिलिंडरला त्याचा स्वतःचा कार्ब्युरेटर द्यायचा. तोही मोटरसायकलचा. नगरच्या भंगारवाल्यांकडे हिंडून एकाच जातीच्या मोटरसायकलींचे तीन शोधून काढले. एक भंगारवाला मला बघून माझ्या मागे बघायला लागला. "ताई, मालक कुठंयत?"

"मालक टेम्पोवर आहेत. तू माल दाखव."

मग बसवायची कटकट. जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्यावर इंजिनाच्या भोकांचा साचा उतरवला. त्या साच्याबरहुकूम लोखंडाची जाड पट्टी कापून घेतली, तिच्यावर तीन नळकांडी जोडून घेतली, नळकांड्यांवर मोटरसायकलचीच रबरं आणि रबरांत कार्ब्युरेटर. सांगताना एका दमात होतं. करताना वेल्डिंगवाल्याने पहिली पट्टी तापवून वाकडी केली आणि वर मलाच म्हणाला, "तुमचं मापच चुकलं मॅडम." मी पट्टीवर मोजपट्टी ठेवून मधली फट दाखवली, तेव्हा त्याला अचानक दुसरं गिऱ्हाईक आठवलं. दुसरी पट्टी मी समोर उभी राहून करून घेतली.

त्यानंतर पेट्रोलने छळलं. मोटरसायकलला पेट्रोल टाकीतून आपोआप खाली येतं. गाडीत ते पंप ढकलतो. ते ढकलणं या बारक्या भांड्यांना सोसेना, ती उतू जायला लागली. अंगणभर वास सुटला. मामा लांबून ओरडले, "घर पेटवतीस का काय?" मी जादा पेट्रोल परत टाकीत नेणारी वेगळी नळी टाकली, तेव्हा उतू जायचं थांबलं. खाकरणं काही थांबलं नाही.

सगळ्यात किचकट काम होतं ते तिघांना एका चालीवर आणायचं. एक जास्त उघडला, दुसरा कमी उघडला, की इंजिन लंगडतं. मी मेडिकलमधून सलाईनच्या नळ्या आणल्या, एका फळीवर शेजारी शेजारी उभ्या बांधल्या, त्यांत तेल भरलं आणि एकेक टोक एकेका सिलिंडरच्या वाटेला जोडलं. ज्या सिलिंडरची ओढ जास्त, त्याच्या नळीतलं तेल वर चढतं. तिन्ही तेलं एका रेषेत आली की काम झालं. फळी धरायला माणूस पाहिजे होता. नवरा दुधावर. मामांना विचारायची सोय नव्हती. आत्या तव्यावरची भाकरी उतरवून हात पुसत आल्या.

"काय बघायचं गं?"

"तेल एका रेषेत येतंय का तेवढं सांगा."

"मधलं वर हाय. अजून हाय. अजून... अगं थांब थांब! आता बराबर."

मी इंजिनात वाकून स्क्रू फिरवायचे आणि आत्या वरून सांगायच्या. दुसऱ्या दिवशी स्वयंपाक आवरून त्यांनीच विचारलं, "आज न्हाई का तेल बघायचं?" त्या घरात माझ्या कामाबद्दल कुणी स्वतःहून विचारलेला तो पहिला प्रश्न. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

धूळ आत जाऊ नये म्हणून कार्ब्युरेटरच्या तिन्ही उघड्या तोंडांवर मी स्पंजचे मोजे शिवून चढवले. आणि नवरात्रात एकदा आत्यांना शेजारी बसवून घाटाची पहिली वळणं चढून बघितली. तिसऱ्या गिअरात. गाडी अशी ओढत होती की आत्यांनी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला. "गिअर बदलला न्हाईस व्हय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हा बघा दांडा, इथे असला म्हणजे तिसरा. त्यांनी तो नीट बघून घेतला. आता फक्त दसरा यायचा राहिला होता.

आणि आली ती खंडेनवमी.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, सगळ्यांकडेच असते. पण या घराची एक जास्तीची रीत आहे. मामा प्रत्येक यंत्राला घास देतात. गिरणी होती तेव्हा तिच्या तोंडात मूठभर तांदूळ टाकून ती फिरवायचे, त्यावरून सुरू झालेलं. मग कडबाकुट्टीला वैरणीची पेंडी, शिलाई मशीनला सुईखाली चिंधी, विहिरीवरच्या मोटारीला वर चिमूटभर अक्षता. गाडीला आजवर बोनेटवर अक्षता टाकायचे, कारण तिला तोंड कुठलं ते मामांना माहीत नव्हतं.

आता विचार करा. पाने माझे. इंजिन माझं. त्यात घातलेलं डोकं माझं. पूजा कुणी करायची? मामांनी. आणि मी कुठे? मी चुलीपुढे पुरण वाटत बसलेले! घामाने डोळे चुरचुरत होते आणि बाहेरून घंटी ऐकू येत होती. आदल्या संध्याकाळी मी स्पंजचे मोजे धुऊन दोरीवर वाळत घातले होते, म्हणजे दसऱ्याला गाडीला स्वच्छ हवा मिळावी. मामांनी बोनेट उघडलं. समोर तीन उघडी तोंडं, ओळीने. त्यांना काय आनंद झाला म्हणून सांगू. नंतर नवऱ्यानेच सांगितलं, ते म्हणाले होते, "ही बघ, आता हिला तोंडं हाईत!" आणि ओल्या कुंकवात कालवलेल्या अक्षता तिन्ही तोंडांत नीट, प्रेमाने, चिमटीने भरवल्या.

आणि नवरा? नवरा तिथेच थाळी धरून उभा होता. त्याला हे बघून 'आप्पा, तिथं नको' एवढे तीन शब्द सुचले नाहीत.

जेवणं उरकल्यावर मी मोजे दोरीवरून काढले आणि आत न डोकावता तोंडांवर चढवले. बोनेटवर कुंकू दिसलं, झेंडूची माळ दिसली, नेहमीचंच. इंजिनाच्या घशात कुणी तांदूळ घालेल हे कुणाच्या स्वप्नात तरी येईल का?

दसऱ्याला दुपारी निघालो. मी एकटी गाडीत, मामा आणि नवरा मागून मोटरसायकलवर. पायथ्याला तिसरा टाकला आणि पाय दाबला. पहिलं वळण झकास गेलं. दुसऱ्या वळणावर पाय उचलला तरी इंजिन खाली येईना, उलट किंचाळतच राहिलं. समोरून उसाची ट्रॉली येत होती. मी चावी बंद केली, गाडी कडेला घेतली, परत चालू केली. आता ती लंगडत होती. तीनपैकी एक सिलिंडर मेलेलं. तिसऱ्यात ओढेना, दुसऱ्यात ओढेना, शेवटी चहाच्या टपरीसमोर धापा टाकून बंद पडली. टपरीवरची माणसं कप हातात धरून उठून उभी राहिली. एकजण म्हणाला, "बाई चालवतीय नव्हं, मंग."

मागून मोटरसायकल आली. मामा उतरले आणि खाकरले.

मी बोनेट उघडलं आणि मोजे ओढून काढले. पहिल्या तोंडात, हवा घ्यायच्या बारीक भोकांवर कुंकवाचा चिखल वाळून दगड झाला होता. हवा मिळाली नाही, पेट्रोल जास्त झालं, प्लग काळा पडून ते सिलिंडर मेलं. दुसऱ्यात सरकत्या झडपेच्या कडेला तांदळाचा एक दाणा पाचरीसारखा रुतला होता, म्हणून पाय काढला तरी झडप मिटत नव्हती. तिसऱ्यात तळाला अक्षता तशाच पडून होत्या, लालभडक.

तळपायाची आग मस्तकाला जाणं काय असतं ते मला त्या टपरीसमोर कळलं. मी सगळे दाणे तळहातावर घेतले आणि मामांच्या नाकासमोर धरले.

"हे काय आहे मामा?"

त्यांनी बघितलं. ओळखलं. चेहऱ्यावर एक क्षण काहीतरी हललं, ते मी बघितलंय, नाही म्हणू देणार नाही. मग ते म्हणाले, "देवाचा घास हाय. घास घिऊन गाडी बंद पडली, म्हंजी देवाच्याच मनात न्हाई."

"देवाच्या मनात? मामा, घशात तांदूळ अडकल्यावर माणूससुद्धा घाट चढणार नाही!"

"ते काय का आसंना. चढली का? न्हाई चढली. शब्द म्हंजी शब्द."

मी नवऱ्याकडे बघितलं. "अहो, तुम्ही समोर होता. सांगा ना."

नवरा टपरीच्या पत्र्याकडे बघत होता. म्हणाला, "जाऊ दे ना आता. दसऱ्याचं वाद नको." दसऱ्याचं! म्हणजे ज्याने घाण केली त्याने दसरा साजरा करायचा आणि जिचं नुकसान झालं तिने तो बिघडवायचा नाही. वाटाण्याच्या अक्षता आजवर ऐकून होते, माझ्या हातावर खऱ्या तांदळाच्याच ठेवल्या. मी त्या दोघांनाही त्या टपरीवर जे बोलले ते इथे लिहीत नाही. चहावाल्याने स्टोव्ह बारीक केला होता, एवढंच सांगते.

गाडी ढकलत वळवली, उतारावर सोडली आणि घरी आणली. आत्या आपट्याची पानं घेऊन दारात उभ्या होत्या. मी मूठ उघडली. त्या दाण्यांकडे बघत राहिल्या. अक्षता त्यांनीच आदल्या दिवशी कुंकवात कालवून दिल्या होत्या, हे त्यांना आठवलं असणार. त्यांनी ते दाणे माझ्या हातावरून वेचून घेतले, पदराच्या टोकात बांधले आणि आत निघून गेल्या. मला त्यांचाही राग आला. म्हटलं, बाई, एक शब्द तरी बोला! पण त्या घरात आत्यांना मामांपुढे बोलताना मी कधी ऐकलंच नव्हतं.

तिन्ही कार्ब्युरेटर सोडवले, धुतले, फुंकले, परत बसवले. आत्यांनी फळी धरली. तेल एका रेषेत आलं. मामांनी मोबाईलवाल्याला गाळा सांगून टाकला, पाडव्याला दुकान उघडणार म्हणून. मी म्हटलं, परत एकदा चढवून दाखवते. म्हणाले, "शब्द येकदाच आसतो." मी भांडी घासताना इतकी आपटायचे की एका पातेल्याला पोचा आला. तो अजून आहे.

दिवाळीच्या खरेदीला नगरच्या कापडबाजारात जायचं ठरलं. एसटीला गर्दी, म्हणून मामा म्हणाले, "गाडी काढ. दुसऱ्यात तर चढंल." चढंल! त्यांचा लाज या वस्तूशी काही संबंध आहे का, असं मला वाटून गेलं. मामा पुढे बसले, आत्या आणि नवरा मागे. चार माणसांचं वजन. दसऱ्याला मी एकटी होते.

पायथ्याला मी तिसरा टाकला. आणि हात काढून स्टिअरिंगवर ठेवला.

पहिलं वळण. दुसरं. ट्रॉली भेटली होती ती जागा. टपरी. चहावाल्याने ओळखून हात वर केला. मामा खिडकीबाहेर बघत होते, जसं काही त्या खडकांवर त्यांचं शेत होतं. शेवटचं वळण चढून माथ्यावर आलो, मी गाडी कठड्याला घेतली आणि इंजिन चालूच ठेवलं.

"मामा, कितव्या गिअरवर चढली?"

"माझं ध्यान नव्हतं," मामा म्हणाले. "काच वर घे, वारं लागतंय."

ध्यान नव्हतं! माझं डोकंच फिरलं. मी तोंड उघडणार तोच मागून आवाज आला.

"तिसऱ्यावर चढली."

आत्या होत्या. "खालपासून मी त्या दांड्याकडंच बघतीय. येकदाबी हालला न्हाई."

मामा मागे वळले. आणि खाकरले. आत्यांनी पदराची गाठ सोडली, ते वाळलेले लाल दाणे काढले आणि पुढे वाकून मामांच्या मांडीवर ठेवले. "ह्यो तुमचा घास. ह्याच्यापायी पोरीची गाडी बंद पडली. तुमाला तवाबी कळलं हुतं आन मलाबी. मी गप बसले. आता न्हाई बसायची. त्या मोबाईलवाल्याला न्हाई म्हनून सांगा."

"अगं, सांगून झालंय त्याला. शब्द दिलाय."

"हिला आधी दिला हुता!"

आणि आत्या दार उघडून उतरल्या. घाटाच्या कठड्यावर जाऊन बसल्या, पाय खाली सोडून. येणारे-जाणारे ट्रकवाले बघायला लागले. "त्याला फोन करस्तोवर मी हितनं उठत न्हाई. दिवाळी हितंच करते," त्या म्हणाल्या. मी इंजिन बंद केलं आणि जाऊन त्यांच्या शेजारी बसले. नवरा गाडीत दोन मिनिटं चुळबुळला. मग तोही उतरला आणि आमच्या पलीकडे बसला. लग्नानंतर त्या माणसाने माझ्या बाजूने केलेली ती पहिली हालचाल. बोलला मात्र नाहीच.

मामांनी खिशातून मोबाईल काढला, हलवला. "हितं रेंज न्हाई."

आत्यांनी शेजारच्या टेकाडाकडे हात केला. "तिथं वर आसंल."

धोतर सावरत, मोबाईल कपाळासमोर धरून मामा ते टेकाड चढले. मध्ये थांबून दम खाल्ला. वरून त्यांचा आवाज तुटक तुटक ऐकू येत होता, "न्हाई... न्हाई... घरातलंच मानूस हाय..." मी त्यांना चढताना बघत होते आणि माझा राग तसूभरही कमी होत नव्हता. कमी व्हावा असं मला वाटतही नव्हतं.

गाळा मिळाला. पाडव्याला गॅरेज उघडलं. बोर्ड मामांनी स्वतः रंगवून आणला आणि माझ्या आधी येऊन लावूनही टाकला. निळा पत्रा, पांढरी अक्षरं, गॅरेजचं नाव, आणि खाली 'प्रोप्रायटर' म्हणून कुणाचं नाव असेल? त्यांच्या लेकाचं! ज्याला स्क्रू कुठल्या बाजूने पिळायचा ते विचारावं लागतं, त्याचं! मी म्हटलं, हे काय? मामा म्हणाले, "बाईचं नाव बघून गाडी थांबत न्हाई." नवरा म्हणाला, "बोर्डच हाय, राहू दे ना." वर्षभर माणसं येऊन मला विचारत होती, "मालक कुठंयत?" वर्षभर मी प्रत्येकाला तेच सांगितलं, की मालक गाडीखाली आहेत, पाय दिसतायत ते त्यांचेच. काही हसायचे, काही दुसरीकडे जायचे. बहुतेक थांबायचे, कारण घाट समोर होता.

मग पुन्हा खंडेनवमी आली. या वेळी मी पुरण वाटायला बसले नाही. आत्याच म्हणाल्या, "तू गॅरेजात जा. पुरनाचं मी बघते." पण पूजेच्या वेळी त्याही हात पुसत येऊन उभ्या राहिल्या. माझी गाडी मध्ये उभी होती, बोनेट उघडं, तिन्ही तोंडांवर मोजे, आणि मोज्यांच्या वर मी चहाच्या तीन गाळण्या तारेने आवळून बांधल्या होत्या. मामा थाळी घेऊन आले. पान्यांना हळदकुंकू लावलं, जॅकला लावलं, हवेच्या मशीनला लावलं. मग चिमटीत अक्षता घेऊन ते त्या इंजिनासमोर आले आणि थांबले. त्यांना तोंड सापडेना.

चिमूट तशीच धरून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कुठं ठिवू?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला गाडीबद्दल विचारलेला तो पहिला प्रश्न. मला बरं वाटलं, आणि त्याचाही मला राग आला.

"आधी बोर्डावरचं नाव पुसा," मी म्हटलं. "मग सांगते."

"पूजेच्या टायमाला?"

"पूजेच्याच टायमाला. यंत्र ज्याच्या हाताने चालतं त्याचं नाव तिथे नाही आणि घास कुणाला देताय?"

ते खाकरले नाहीत. आत्यांकडे बघितलं, लेकाकडे बघितलं. आत्यांनी मामांच्या हातातली थाळी घेतली. आणि तेव्हा नवरा हलला. कपाटावरची थिनरची बाटली आणि फडकं त्याने स्वतः काढलं, स्टूल आणून बोर्डाखाली ठेवलं, फडकं बापाच्या हातात दिलं आणि म्हणाला, "माझं नाव हाय ते. पुसा." मामा स्टुलावर चढले. वर्षभर वाळलेला रंग होता, सहजी निघणार नव्हता. चांगलं जोर लावून घासावं लागलं. नवरा स्टूल धरून उभा होता. आम्ही कुणीही 'राहू द्या' म्हणालो नाही.

नावाच्या जागी पत्रा कोरा झाला. मामा उतरले, हात धुतले, परत चिमटीत अक्षता घेतल्या.

"आता सांग. कुठं ठिवू?"

मी गाडीचं बोनेट खाली ओढलं आणि दाबून बंद केलं.

"इथं वर ठेवा."